गाठीची चाल ओळखताना: स्तनाचा एमआरआय

मंडळी, स्तनात गाठ लागली की बाईच्या मनात एकच प्रश्न असतो: ही कॅन्सरची आहे का? बहुतेकींना याचा अंदाज मॅमोग्राफी (स्तनाचा एक्स-रे) आणि सोनोग्राफीवर येतो, पक्कं उत्तर बायॉप्सी, म्हणजे गाठीचा छोटा तुकडा काढून केलेली तपासणी, देते. पण काही गाठींचा या पहिल्या दोन तपासण्यांत नीट उलगडा होत नाही. तेव्हा एमआरआय कामाला येतो. आम्ही तपासणारे डॉक्टर त्यात गाठीच्या आकाराइतकंच तिचं वागणं बघतो.

पहिली पद्धत कॉन्ट्रास्टची. बाईला पालथं झोपवतात, स्तन खालच्या कॉइलच्या (संकेत टिपणाऱ्या साधनाच्या) पोकळीत मोकळे राहतात. आधी साधे फोटो निघतात. मग हाताच्या शिरेतून गॅडोलिनियमचं कॉन्ट्रास्ट औषध देतात आणि तोच भाग मिनिटा-दीड मिनिटाच्या अंतराने पुन्हा पुन्हा टिपतात. कॅन्सरला वाढायला रक्त लागतं, म्हणून तो घाईने नव्या रक्तवाहिन्या तयार करतो, आणि त्या कच्च्या, गळक्या असतात. औषध पहिल्या दोन मिनिटांत झपाट्याने आत शिरतं आणि अनेकदा तितक्याच लवकर बाहेर पडू लागतं. औषध शिरलेला भाग फोटोत चमकतो; संगणकावर या चमकेच्या ग्राफची रेघ चढते आणि उतरते. साध्या, म्हणजे कॅन्सर नसलेल्या, गाठीत ती बहुधा शेवटपर्यंत सावकाश चढतच राहते.

जर्मनीत क्रिस्टियाने कूल आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये अशा २६६ गाठींचा अभ्यास प्रसिद्ध केला. कॅन्सरच्या १०१ गाठींपैकी सुमारे ५७ टक्क्यांत उतरती रेघ दिसली. साध्या १६५ गाठींत ती जेमतेम साडेपाच टक्क्यांत होती. फरक मोठा आहे. पण त्याच अभ्यासात कॅन्सरच्या जवळपास ९ टक्के गाठींची रेघ चढतीच होती! म्हणून नुसत्या ग्राफवर मी कुणाला निर्धास्त करत नाही. गाठीच्या कडा काटेरी आहेत का, औषध फक्त कडेला कड्यासारखं चमकतंय का, हे आधी बघते. आणखी एक: पाळी चालू असणाऱ्या बाईने, घाई नसेल तर, पाळी सुरू झाल्यापासूनच्या दुसऱ्या आठवड्यात तपासणी करावी. त्या दिवसांत निरोगी ऊती कमी चमकतात आणि गाठ उठून दिसते.

दुसरी पद्धत डिफ्यूजनची. हिला इंजेक्शन लागत नाही. ऊतींमधल्या पाण्याचे रेणू सतत हलत असतात. रिकाम्या मैदानात माणूस मोकळा फिरतो, जत्रेच्या गर्दीत दोन पावलं टाकणंही अवघड. कॅन्सरमध्ये पेशी दाटीवाटीने असल्याने पाण्याचं तसंच होतं. ही हालचाल एडीसी नावाच्या आकड्यात मोजतात; हालचाल कमी, तर आकडा कमी. अमेरिकेतल्या अनेक केंद्रांनी मिळून केलेल्या अभ्यासात, २०१९ मध्ये, असं दिसलं की एमआरआयमध्ये संशयित वाटलेल्या गाठींसाठी या आकड्याची मर्यादा वापरली असती, तर एकही कॅन्सर न सुटता सुमारे २१ टक्के बायॉप्सी टाळता आल्या असत्या. अभ्यास लहान होता, ८१ गाठींचा. तरी विनाकारण सुई टोचून घ्यावी लागलेल्या बायकांची घालमेल मी बघते, त्यामुळे हा आकडा मला फार मोलाचा वाटतो.

तिसरी स्पेक्ट्रोस्कोपी, म्हणजे गाठीतली रसायनं मोजणं. यात आपल्या देशाचं काम आवर्जून सांगायला हवं. दिल्लीच्या एम्समध्ये एन. आर. जगन्नाथन आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दाखवलं, की स्तनाच्या कॅन्सरमध्ये आलेखावर दिसणारा कोलीन या रसायनाचा उंचवटा केमोचा गुण आला की कमी होतो किंवा नाहीसा होतो. पण लहान गाठीत हा संकेत क्षीण असतो, म्हणून रोजच्या तपासणीत ही पद्धत फारशी रुळली नाही.

एमआरआयचा उपयोग रोगनिदानावर संपत नाही. ऑपरेशनआधी केमो देतात तेव्हा हाताला गाठ मऊ लागते, लहान लागते. पण आत किती उरली हे बोटांना नेमकं कळत नाही. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात, केमोला मिळणाऱ्या प्रतिसादाचा अंदाज हाताच्या तपासणीपेक्षा एमआरआयवर मोजलेल्या गाठीच्या घनफळावरून जास्त चांगला आला. म्हणून तुमच्या घरातल्या कुणाला आधी केमो सुचवली असेल, तर पहिल्या डोसाआधी डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा: सुरुवातीचा एमआरआय करायचा का, आणि गाठीत मार्कर क्लिप, म्हणजे जागेची बारीकशी खूण, बसवायची का. सुरुवातीचे फोटो नसले तर नंतरचे कशाशी ताडून बघणार? आणि औषधाने गाठ पूर्ण विरघळली, तर सर्जनला ती जागा त्या क्लिपवरूनच सापडते.