मान्यता गेली, मुलं कुठे गेली?

नमस्कार श्रोतेहो.

आपल्याकडे कॉलेजांचा दर्जा तपासणाऱ्या नॅकची समिती येणार म्हटलं, की महिनाभर आधीपासून धावपळ सुरू होते. भिंतींना रंग, फायलींना नवी कव्हरं, प्रयोगशाळेतल्या भांड्यांवरची धूळ एकदाची पुसली जाते. श्रेणी घसरली तर प्राचार्यांची झोप उडते, पण कॉलेज चालू राहतं. मुलं त्याच वर्गात बसतात. अमेरिकेत मिसूरी नावाचं राज्य आहे. तिथं अशी तपासणी सरकारी शाळांची होते, आणि तिच्यात नापास झालं की मुलांचा वर्ग, बस, कधीकधी गावची शाळाच बदलते. सेंट लुईस शहराला लागून असलेल्या नॉर्मंडी या भागात हे कसं घडलं, ते आज सांगणार आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. अमेरिकेतल्या स्कूल डिस्ट्रिक्टला आपला जिल्हा समजू नका. आपली एक जिल्हा परिषद हजारभर शाळा सहज चालवते, पुण्यासारख्या ठिकाणी त्याहून कितीतरी जास्त. तिकडे एकट्या मिसूरीत पाचशेहून अधिक स्कूल डिस्ट्रिक्ट आहेत. प्रत्येकाचं निवडून आलेलं मंडळ वेगळं, अधीक्षक वेगळा, आणि तिजोरीही वेगळी. त्या तिजोरीत राज्य सरकारचे पैसे येतात, पण मोठा वाटा येतो हद्दीतल्या घरांवरच्या, दुकानांवरच्या करातून. म्हणजे जिथं घरं महाग, तिथं शाळा श्रीमंत. जिथं घरांना भाव नाही, तिथं कराचा दर चढा ठेवूनही हाती फारसं लागत नाही. सेंट लुईस काउंटीत, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या प्रशासकीय विभागात, २०१४ साली नव्वद नगरपालिका होत्या आणि सुमारे दोन डझन स्कूल डिस्ट्रिक्ट. नकाशा पाहिला तर डोकं गरगरतं. एका रस्त्याच्या या बाजूचं मूल एका डिस्ट्रिक्टचं, पलीकडच्या फुटपाथवरचं दुसऱ्याचं.

या प्रत्येक डिस्ट्रिक्टला राज्याचं शिक्षण खातं गुण देतं. त्या काळातली पद्धत १४० गुणांची होती. परीक्षांचे निकाल, हजेरी, किती मुलं बारावी पूर्ण करतात, किती जण कॉलेजला किंवा कामाला तयार होतात, असे मुद्दे. सत्तर टक्क्यांवर पूर्ण मान्यता, पन्नास ते सत्तर म्हणजे तात्पुरती मान्यता, आणि पन्नासच्या खाली गेलात की मान्यता जाण्याची टांगती तलवार. कागदावर यात गैर काही नाही. पालकांना आपली शाळा कशी आहे ते कळायलाच हवं. पुढं काय होतं ते पाहा.

नॉर्मंडीच्या शेजारी वेल्स्टन नावाचं अगदी छोटं डिस्ट्रिक्ट होतं. तिथली मुलं जवळजवळ सगळी कृष्णवर्णीय, घरं गरीब, आणि मान्यता गेलेली. राज्यानं ते २०१० च्या जुलैपासून बरखास्त केलं आणि नॉर्मंडीला जोडून टाकलं. नॉर्मंडीचीही मुलं जवळजवळ सगळी कृष्णवर्णीय, घरं तितकीच गरीब, आणि त्यांची स्वतःची मान्यताही तेव्हा तात्पुरतीच. काही मैलांवर क्लेटनसारखं सधन, नावाजलेलं डिस्ट्रिक्ट होतं. तिकडे मात्र कुणाची बोटं वळली नाहीत. दोन फाटक्या गोधड्या एकमेकींना शिवल्या म्हणून ऊब वाढत नाही, हे आपल्याकडची कुठलीही आजी सांगेल. तसंच झालं. २०१३ च्या १ जानेवारीपासून नॉर्मंडीची मान्यता गेली.

आता इथं एक जुना कायदा कामाला आला. मिसूरीत १९९३ साली एक तरतूद केली होती. ज्या डिस्ट्रिक्टची मान्यता गेली, तिथल्या मुलाला त्याच काउंटीतल्या किंवा शेजारच्या काउंटीतल्या मान्यताप्राप्त डिस्ट्रिक्टमध्ये जायचा हक्क. त्याची फी आणि बसचा खर्च मूळ डिस्ट्रिक्टनं द्यायचा. ही तरतूद बरीच वर्षं कागदावरच पडून होती. सधन डिस्ट्रिक्टनी कोर्टात तिला विरोध केला, पण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं जून २०१३ मध्ये ती कायम ठेवली. तो उन्हाळ्याचा सुट्टीचा काळ. नॉर्मंडीतल्या सुमारे हजार मुलांनी, म्हणजे जवळपास चारांतल्या एकानं, बाहेर जायला नाव नोंदवलं.

बसचा खर्च नॉर्मंडीनं द्यायचा असल्यानं कुठल्या डिस्ट्रिक्टपर्यंत बस द्यायची, तेही नॉर्मंडीच ठरवणार. त्यांनी निवडलं फ्रान्सिस हॉवेल. मिसूरी नदीच्या पलीकडे, दुसऱ्या काउंटीत, वीस मैलांहून लांब. इतक्या लांब कोण जाईल, म्हणून मुद्दाम हे डिस्ट्रिक्ट निवडलं अशी शंका तेव्हा अनेकांनी घेतली. मला ती अगदीच निराधार वाटत नाही. पण मुलं गेली. पहाटे उठून, पूल ओलांडून गेली.

ती पोहोचण्याआधीच, जुलैमध्ये, फ्रान्सिस हॉवेलच्या पालकांची मोठी सभा झाली. हजारो लोक जमले. एकेक जण माईकसमोर येऊन बोलत होता. शाळेत मेटल डिटेक्टर बसवणार का? आमच्या शाळेचे गुण या मुलांमुळे खाली आले आणि आमची मान्यता गेली तर? टाळ्याही पडल्या. त्या सभागृहात नॉर्मंडीचे काही पालक बसलेले होते, काही मुलंही होती. त्यांनी हे सगळं ऐकलं. श्रोतेहो, मान्यतेच्या गुणांचा असाही एक उपयोग होतो. मूल नको आहे हे उघड म्हणायला जीभ रेटत नाही तेव्हा म्हणायचं, गुण खाली येतील. प्रत्यक्षात फ्रान्सिस हॉवेलची मान्यता काही गेली नाही.

आणि नॉर्मंडीत? तिजोरी रिकामी होऊ लागली. बाहेर गेलेल्या प्रत्येक मुलामागे फी द्यायची, काही डिस्ट्रिक्टची फी वर्षाला वीस हजार डॉलरच्या घरात. नॉर्मंडीत स्वतःच्या एका मुलामागे खर्च होत होता त्यापेक्षा ती जास्त. गेलेली मुलं एकाच शाळेतली नव्हती, एकाच इयत्तेतली नव्हती. या वर्गातून चार, त्या वर्गातून पाच. म्हणून शिक्षक कमी करता येत नाहीत, दिवे बंद करता येत नाहीत. मुलगा गेला तरी वर्गाचा खर्च तिथंच, वर फी वेगळी. शरद ऋतूपर्यंत एक प्राथमिक शाळा बंद करायचं आणि शंभराहून अधिक कर्मचाऱ्यांना काढायचं ठरलं. राहिलेल्या तीन हजार मुलांचं काय, यात चूक कुणाची, हे विचारायला कुणाला सवड नव्हती. राज्य विधिमंडळानं काही लाख डॉलरची तातडीची मदत दिली, तेवढ्यावर शैक्षणिक वर्ष कसंबसं पार पडलं.

२०१४ साली नॉर्मंडीला १४० पैकी १० गुण मिळाले. त्याच जुलैत राज्यानं ते डिस्ट्रिक्टच विसर्जित केलं आणि त्याच जागी नवं उभं केलं, निवडून आलेल्या मंडळाऐवजी राज्यानं नेमलेलं मंडळ. शिक्षकांना आपल्याच नोकरीसाठी पुन्हा अर्ज करावे लागले. आणि एक गंमत बघा. नवं डिस्ट्रिक्ट म्हणजे पाटी कोरी, त्याची मान्यता गेलेलीच नाही, असा युक्तिवाद झाला. मान्यता गेलेली नाही म्हणजे मुलांचा बाहेर जायचा हक्कही संपला! फ्रान्सिस हॉवेलनं लगेच दार लावून घेतलं. पालक कोर्टात गेले, आणि ऑगस्टमध्ये, शाळा सुरू झाल्यावर, काहींसाठी ते दार पुन्हा उघडलं. एका वर्षात त्या मुलांना तीनदा वेगवेगळं सांगण्यात आलं, की तुझी शाळा कुठली.

याच ऑगस्टच्या ९ तारखेला शेजारच्या फर्ग्युसनमध्ये मायकेल ब्राउन हा अठरा वर्षांचा मुलगा पोलिसाच्या गोळीनं मेला. जगभर त्याची बातमी झाली. तो नॉर्मंडी हायस्कूलचा विद्यार्थी, आठवडाभरापूर्वीच बारावी पूर्ण केलेला. त्याच्या आईनं कॅमेऱ्यासमोर आक्रोश करताना जे सांगितलं त्यात हेही होतं, की त्याला शाळेत टिकवून बारावी पूर्ण करायला लावणं किती जिकिरीचं होतं. १४० पैकी १० गुण या आकड्यातही त्याचं शिक्षण मोजलेलं आहे.

नॉर्मंडीला तात्पुरती मान्यता परत मिळाली ती २०१७ च्या डिसेंबरात.

आता कुणी म्हणेल, म्हणजे छोट्या डिस्ट्रिक्टचं विलीनीकरण वाईट, मुलांना बाहेर पाठवणंही वाईट. माझं तसं म्हणणं नाही. याच सेंट लुईस काउंटीत १९७५ साली एक विलीनीकरण झालं होतं. किनलॉक हे कृष्णवर्णीयांचं गाव, त्याचं डिस्ट्रिक्ट गरीब. केंद्रीय न्यायालयानं आदेश दिला, की किनलॉक आणि बर्कली ही दोन्ही डिस्ट्रिक्ट फर्ग्युसन-फ्लोरिसंट या मोठ्या, बहुतांश गोऱ्या डिस्ट्रिक्टला जोडा. इथं गरिबाला गरीब नव्हे, गरिबाला सधन जोडलं गेलं, कराचा पैसा एका तिजोरीत आला. पुढं गोरी कुटुंबं हळूहळू तिथूनही निघून गेली, ते वेगळं. पण हद्दीची रेघ हलवता येते हे सिद्ध झालं, फक्त त्यासाठी न्यायाधीश लागला. त्याआधी १९६८ साली मिसूरीच्याच एका सरकारी आयोगानं सगळ्या राज्याचे डिस्ट्रिक्ट नव्यानं, मोठे आखावेत असा अहवाल दिला होता. तो फडताळात गेला. आणि १९७४ मध्ये डेट्रॉइट शहरातल्या शाळांमधला वर्णभेद मिटवण्याच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला, की उपनगरातल्या डिस्ट्रिक्टनी स्वतः भेदभाव केल्याचं सिद्ध झाल्याशिवाय त्यांना शहराच्या शाळांबरोबर ओढता येणार नाही. तेव्हापासून हद्दीची रेघ हीच भिंत झाली.

मुलांना बाहेर पाठवण्याचंही तसंच. १९८३ पासून सेंट लुईस शहरातली कृष्णवर्णीय मुलं काउंटीतल्या उपनगरी शाळांत जात होती, एकेकाळी दहा हजारांहून अधिक. तो न्यायालयीन तडजोडीतून आलेला कार्यक्रम होता आणि त्याचा खर्च राज्य देत होतं. म्हणून पाठवणाऱ्या शहराचं दिवाळं निघालं नाही, घेणाऱ्यांनाही भार वाटला नाही. नॉर्मंडीत बस तशीच, फक्त बिल गरिबाच्या नावानं फाडलं.

शेजारच्या आर्कान्सॉ राज्यातलं एक उदाहरण तर अधिक कडू आहे. मिसिसिपी नदीकाठचं लेक व्ह्यू हे छोटं, कृष्णवर्णीय वस्तीचं डिस्ट्रिक्ट. त्यांनी १९९२ साली राज्यावर खटला भरला, की शाळांना पैसे वाटण्याची तुमची पद्धत अन्यायाची आहे. दहा वर्षांनी, २००२ मध्ये, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं मान्य केलं, हो, ती घटनाबाह्य आहे. मग सुधारणा आल्या, आणि त्यात २००४ चा एक कायदाही आला. सलग दोन वर्षं साडेतीनशेपेक्षा कमी मुलं असतील, तर डिस्ट्रिक्ट दुसऱ्यात विलीन करा. लेक व्ह्यूत तेवढी मुलं नव्हती. खटला जिंकणारं डिस्ट्रिक्टच त्या वर्षी नकाशावरून गेलं.

एक खरं, की छोट्या शाळा महाग पडतात. १९३९-४० साली अमेरिकेत एक लाख सतरा हजारांवर स्कूल डिस्ट्रिक्ट होते, आता तेरा हजारांच्या आसपास आहेत. त्यातलं बरंचसं विलीनीकरण शहाणपणाचंच होतं. एकशिक्षकी शाळेत विज्ञान कोण शिकवणार?

हा प्रश्न आपल्या ओळखीचा आहे. २०२३ साली महाराष्ट्रात वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळांसाठी समूह शाळांचे, म्हणजे अशा छोट्या शाळा एकत्र करण्याचे, प्रस्ताव मागवले गेले. अशा शाळा जवळजवळ पंधरा हजार, त्यांत पावणेदोन लाखांहून अधिक मुलं. पानशेत आणि तोरणमाळ ही नमुन्याची उदाहरणं दाखवली गेली. शाळांचं गुणवत्ता मूल्यांकनही आता सुरू झालं आहे. आपल्याकडे घरपट्टीवर गावची शाळा चालत नाही, शिक्षकांचा पगार राज्य देतं, म्हणून नॉर्मंडीची कथा जशीच्या तशी इथं लागू नाही. पण वाडीवरच्या सहा-सात वर्षांच्या पोरीला ओढा ओलांडून दुसऱ्या गावी पाठवायचं, तर गाडी कोण देणार, हा प्रश्न तोच आहे. पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत हवी असा नियम आहे. वाहतूक भत्त्याची सोयही आहे, आणि तो वेळेवर हाती पडत नाही अशी तक्रारही पालकांकडून ऐकू येते.

तेव्हा तुमच्या गावच्या शाळेच्या समायोजनाचा कागद शाळा व्यवस्थापन समितीपुढे आला, तर नुसता पट किती एवढ्यावर चर्चा थांबवू नका. आमची शाळा कुणाच्या शाळेला जोडताय, तिथं आज किती शिक्षक आहेत आणि किती जागा रिकाम्या आहेत ते विचारा. गाडीचे पैसे पहिल्या वर्षी कोण देणार ते सगळेच सांगतात. चौथ्या वर्षी कोण देणार, ते लेखी मागा, आणि ग्रामसभेच्या इतिवृत्तात नोंदवून घ्या.

नमस्कार.