नागपुरात समुद्र पाळायचा म्हणजे शेवाळाशी गाठ

हे जे टँकमधल्या दगडांवर हिरवं केसाळ काहीतरी हलताना दिसतंय ना, त्याला टँकवाले हेअर अल्गी म्हणतात, आणि नागपुरात ज्यानं ज्यानं खाऱ्या पाण्याचा रीफ टँक, म्हणजे घरात कोरल पाळायची काचेची टाकी, लावला त्याच्याकडे हा पाहुणा एकदा तरी मुक्कामी येऊन गेलाच आहे. समुद्र इथून किती लांब, तर नुसता समृद्धी महामार्गच 701 किलोमीटरचा. म्हणजे समुद्राचं पाणी घरीच बनवायचं, सॉल्ट मिक्स घोळायचं, खारटपणा 35 पीपीटीवर, म्हणजे हजार भागांत 35 भाग मिठावर आणायचा, आणि मग खरी भानगड सुरू होते ती मिठाची नाहीच, साध्या पाण्याची.

नळाला पेंचचं पाणी येतं, कन्हानचं येतं, प्यायला ठीक आहे, पण टँकमध्ये त्यातलं नायट्रेट, फॉस्फेट, सिलिकेट जे काय थोडंफार असेल ते शेवाळाचं जेवण. बोअरचं तर बोलूच नका. सीताबर्डीच्या टेकडीत जो काळा बेसॉल्ट दिसतो तोच पश्चिम नागपूरच्या खाली आहे, त्यातून मुरलेलं पाणी सिलिका घेऊन येतं आणि नव्या टँकमध्ये सिलिका गेली की वाळूवर तपकिरी भुकटी, म्हणजे डायटम. ते घाबरण्यासारखं नाही, सिलिका संपली की बहुतेक वेळा आपोआप जातं.

मग लोक म्हणतात आमच्याकडे आरओ आहे ना! आहे, पण किचनच्या आरओत चवीसाठी बऱ्याचदा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा, कंट्रोलर असतो, तो थोडं कच्चं पाणी परत मिसळतो, वरून मिनरलचं कार्ट्रिज. टीडीएस मीटर बुडवून बघा, शून्य काही दाखवणार नाही. रीफला आरओच्या पुढे डीआय रेझिन, म्हणजे उरलेसुरले क्षार पकडणारे दाणे लागतात आणि मीटरवर शून्यच पायजे.

हे सगळं उन्हाळ्यात जास्त का नडतं ते सांगतो. मे महिन्यात बाहेर 45 डिग्री, टँकला हवे 25-26, चिलर परवडत नाही म्हणून पाण्यावर पंखा लावतात. पंखा पाणी थंड करतो ते वाफ करूनच, आपली हवा तर कोरडी ठक्क, त्यामुळे टॉप-अपला, म्हणजे उडालेल्या पाण्याची भर घालायला, रोज पाणी ओतावं लागतं. आता वाफ फक्त पाण्याची होते, फॉस्फेट टँकमध्येच राहतं, म्हणजे टॉप-अपमधून जे घालाल ते साठतच जाणार. सगळे म्हणतात उन्हानं शेवाळ वाढलं, अर्धं खरं आहे, बाकीचं त्या बादलीतून आलेलं असतं.

अन् खाणं. माशांना घालायच्या फ्रोझन आर्टेमियाची (बारीक कोळंबीसारखे जीव) वडी तशीच पाण्यात सोडली की तिचं वितळलेलं पाणीही गेलं, आधी गाळणीत धुवायला काय जातं? अंबाझरीत जलपर्णी का पसरते, सांडपाण्याचं खत मिळतं म्हणून, टँकमध्येही हिशोब तोच. फक्त इथे एक गंमत आहे, टेस्ट किट फॉस्फेट शून्य दाखवतं आणि दगड हिरवेगार, कारण जे येतं ते शेवाळ लगेच खाऊन टाकतं, शिवाय जुन्या दगडांनी शोषलेलं फॉस्फेट हळूहळू सुटतच असतं. आकडा बघून खुश होऊ नका, दगड बघा.

उपाय कंटाळवाणे आहेत. हातानं उपटा, टूथब्रशनं घासा, सुटलेलं सायफननं ओढून काढा, नाहीतर तेच पुन्हा रुजतं. शेवाळ चरायला टर्बो नाहीतर ट्रोकस गोगलगाई, मोठा टँक असेल तर टँग मासा. बुडबुड्यांसारखं हिरवं दिसलं तर ते व्हॅलोनिया, एमराल्ड खेकडा कधी खातो कधी नाही, त्याची मर्जी. पिसासारख्या फांद्या असतील तर ब्रायॉप्सिस, त्याच्यावर लोक फ्लुकोनाझोल वापरतात, हो तेच बुरशीचं औषध. लाल मखमली थर मात्र शेवाळ नाहीच, सायनोबॅक्टेरिया आहे.

पण सगळ्यात वाईट अवस्था कोणाची होते माहितीये? अतिशहाण्यांची. फॉस्फेट शोषणारं फेरिक ऑक्साइड भरून भरून फॉस्फेट शून्य करतात, नायट्रेटही संपवून टाकतात आणि मग येतात डायनो, म्हणजे डायनोफ्लॅजेलेट नावाचे एकपेशीय जीव, शेंबडासारखे तपकिरी तंतू, त्यात हवेचे बुडबुडे, काही जाती विषारी, गोगलगाई मरायला लागतात. ओळखायचं कसं, थोडं बाटलीत घ्या, जोरात हलवा, टिश्यूतून गाळा आणि ते गाळलेलं पाणी तासभर लाइटखाली ठेवा, तंतू पुन्हा जमले तर बहुतेक डायनोच. तेव्हा उलटं करावं लागतं, नायट्रेट 5-10 पीपीएमपर्यंत आणि फॉस्फेट 0.05 पीपीएमच्या आसपास वर आणायचं, जे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला येडेपणा वाटतो.

आणि ज्या कोरलसाठी हा खटाटोप, त्याच्या पेशींमध्ये राहून त्याला अन्न देणारे झूझँथेली, तेही डायनोफ्लॅजेलेटच! एकाच खानदानातले. म्हणून शेवाळ हटाव वगैरे मोहीम रीफमध्ये चालत नाही. जाता जाता हेही सांगतो, आपल्याकडे दगडी कोरल 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या शेड्यूल 1 मध्ये आहेत, कोणी म्हणालं समुद्रातून काढून आणून देतो तर हात जोडा.

मला विचाराल तर बाटलीतल्या औषधांपेक्षा खाली सम्पमध्ये, म्हणजे टँकखालच्या जोडटाकीत, कीटोचा गोळा बरा. कीटोमॉर्फा, हेही शेवाळच, पण आपल्या जागेवर राहणारं. वरचा लाइट बंद झाला की त्याचा लाइट चालू करायचा, रात्रभर नायट्रेट-फॉस्फेट खातं, पीएचही फार पडू देत नाही. गोळा वाढला की अर्धा तोडून बाहेर काढायचा, तेवढं खत टँकबाहेर गेलं. शहरात कोणीतरी नवा टँक लावतच असतो, त्याला पिशवीत भरून देऊन टाका. फुकट. आरओ-डीआय मात्र त्याचं त्यानं घ्यावं.