ज्या कणांना वास नसतो

हा नवी मुंबईतला ठाणे-बेलापूर रस्ता. याच्या एका अंगाला दिघ्यापासून तुर्भ्यापर्यंत पसरलेली औद्योगिक वसाहत आहे आणि दुसऱ्या अंगाला ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे येथील दाट लोकवस्ती. रात्री रसायनांचा उग्र दर्प पसरला की येथील रहिवासी खिडक्या लावून घेतात, तक्रारीही नोंदवतात; दर्प नसला की हवा बरी आहे असे समजून त्याच खिडक्या उघडल्या जातात. मात्र डिझेलच्या धुरातून आणि कचरा, कोळसा जळताना बाहेर पडणारे, अडीच मायक्रोमीटर किंवा त्याहून कमी व्यासाचे कण नाकाला ओळखता येत नाहीत, आणि तेच त्या नाकाला इजा करू शकतात.

नाकाच्या पोकळीत अगदी वर, दोन्ही डोळ्यांच्या मधल्या पातळीवर, गंध ओळखणाऱ्या चेतापेशींचा लहानसा पट्टा असतो. या पेशींचे एक टोक श्वासातल्या हवेला जवळजवळ उघडे असते, तर दुसरे टोक चाळणीसारख्या सच्छिद्र हाडातून थेट मेंदूतील गंधकंदापर्यंत, म्हणजे वासाचे संदेश घेणाऱ्या भागापर्यंत, पोहोचते. मेंदूची बाहेरच्या हवेशी इतकी जवळीक शरीरात अन्यत्र आढळत नाही. उंदरांना कार्बनचे अतिसूक्ष्म कण हुंगवले असता ते याच गंधकंदात सापडले. २०१६ मध्ये ब्रिटनमधील लँकेस्टर विद्यापीठाच्या बार्बरा माहेर आणि सहकाऱ्यांनी मेक्सिको सिटी व मँचेस्टर येथील ३७ मृत व्यक्तींच्या मेंदूच्या ऊती तपासल्या, तेव्हा त्यांत मॅग्नेटाइट या चुंबकीय लोह ऑक्साइडचे गोलसर कण आढळले. असा आकार तीव्र उष्णतेत, म्हणजे ज्वलनातून तयार होणाऱ्या कणांचा असतो. या कणांमुळेच आजार होतो, असे त्यावरून सिद्ध होत नाही, हेही येथे स्पष्ट केले पाहिजे.

अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, अडीच मायक्रोमीटरपर्यंतच्या कणांच्या दीर्घ संपर्कात असलेल्यांमध्ये गंधक्षमता गमावण्याचा धोका १.६ ते १.७ पट आढळला. पार्किन्सन आणि अल्झायमर या आजारांत गंधक्षमता अनेकदा इतर लक्षणांच्या कितीतरी आधी कमी होते. स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांच्या यादीत ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२० मध्ये वायुप्रदूषणाचा समावेश केला आहे.

या कणांसाठी भारताची वार्षिक मर्यादा घनमीटरमागे ४० मायक्रोग्रॅम आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस केवळ ५ ची.

गंध हळूहळू जातो, त्यामुळे तो गेल्याचे त्या माणसाला सहसा कळत नाही. डाळ करपल्याचे घरातल्या दुसऱ्याच कुणाच्या तरी ध्यानात येते. दृष्टी आणि श्रवणशक्ती तपासण्याची शिबिरे भरतात, तशी गंधाची तपासणीही व्हायला हवी, विशेषतः दिवसभर रस्त्यावर उभे राहणाऱ्या वाहतूक पोलिसांची, रिक्षाचालकांची आणि खदाणीतल्या कामगारांची. सर्दी नसतानाही लवंग, हिंग किंवा लिंबाचा वास काही आठवडे जाणवत नसेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे आणि रोजचे किती तास रहदारीत जातात, हेही त्यांना आवर्जून सांगावे.