धक्का हाताला बसावा, कर्सरला नाही

आता फक्त कर्सरकडे बघा. मेनूतल्या एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर गेलो, माउसने बोटांना टिचकी दिली आणि कर्सर थोडा सरकला. हात मी हलवलाच नव्हता!

फोर्स फीडबॅक, म्हणजे आतल्या मोटरने हाताला धक्का देणाऱ्या, माउसचं किंवा जॉयस्टिकचं हे जुनं दुखणं. मोटर ज्या भागाला ढकलते, त्याच भागाची हालचाल सेन्सर मोजतो. ती हाताने झाली की मोटरने, हे सेन्सरला कळत नाही. परिणाम काय? बारीक बटणावर नेम धरावा आणि नेमका क्लिक करतानाच चुकावा.

पहिला उपाय सगळ्यांना सुचतो: फिल्टर लावा. सेन्सर सेकंदाला १००० वेळा वाचला जातोय असं धरा. शेवटच्या २० वाचनांची सरासरी काढली, की ५० हर्ट्झची थरथर पूर्ण पुसली जाते. पण कर्सर जवळपास १० मिलिसेकंद मागे पडतो, आणि तोही कायमचा, थरथर असो वा नसो. मला हा सौदा पटत नाही.

कारण धक्का कधी आणि किती जोराचा द्यायचा, हे डिव्हाइसला आधीच माहीत असतं. त्याने स्वतःच तर मोटर चालवलेली असते! मग फिल्टर तेवढ्यापुरताच लावा. किंवा छोटी टिचकी असेल तर त्या क्षणी कर्सर आहे तिथेच धरून ठेवा आणि टिचकी संपली की सोडा.

खरी मेख पुढे आहे. धरून ठेवलेल्या काळात हात आणि कर्सर यांच्यात फरक पडतो. साध्या माउसला तो चालतो, उचलून पुन्हा ठेवला की झालं. पण १९९९ चा लॉजिटेकचा विंगमन फोर्स फीडबॅक माउस बैठकीलाच जोडलेला होता, हालायला जागा मोजकीच. तिथे असे फरक साठत गेले, तर कर्सर स्क्रीनच्या कडेला पोहोचण्याआधीच माउस अडतो. म्हणून हा फरक हळूहळू फेडायचा, आणि तोही हात चालू असतानाच. थांबलेल्या हाताखाली कर्सर आपोआप सरकला, तर डोळ्यांना लगेच कळतं.

उलट, आभासी भिंतीपाशी, म्हणजे स्क्रीनवरच्या ज्या सीमेवर मोटर हाताला अडवते तिथे, हा फरक मुद्दाम ठेवतात. छोटी मोटर हाताला पुरती अडवू शकत नाही, माउस थोडा आत घुसतोच. कर्सर मात्र भिंतीलाच टेकलेला दाखवतात. डोळ्यांवर विश्वास ठेवून हातालाही ती भिंत आहे त्यापेक्षा टणक वाटते.