तुम्ही केअरर आहात का?

नमस्कार मंडळी.

तीन वर्षांपूर्वी आमच्या सर्जरीत, म्हणजे डॉक्टरांच्या दवाखान्यात, मला एक फॉर्म भरायला दिला. त्यात प्रश्न होता, तुम्ही केअरर आहात का? मी ‘नाही’वर खूण केली. सासूबाईंना आंघोळ घालून, त्यांच्या गोळ्या देऊन आणि शेजारणीला ‘अर्धा तास बस गं’ म्हणून विनवून मी तिथे पोचले होते. पण केअरर म्हणजे गळ्यात ओळखपत्र घालून पगारावर येणारी बाई, असं माझ्या डोक्यात पक्कं होतं. मी तर सून. सून जे करते त्याला कधी कुणी वेगळं नाव दिलंय?

इथल्या कायद्यात ते नाव आहे. केअर ॲक्ट २०१४ प्रमाणे इंग्लंडमध्ये घरच्या माणसाची विनापगार काळजी घेणाऱ्या सज्ञान माणसाला स्वतःसाठी केअरर्स असेसमेंट मागता येतं, आणि ते करणं स्थानिक कौन्सिलवर बंधनकारक आहे. त्यात पेशंटची नव्हे, तुमची विचारपूस होते : झोप होते का, नोकरी सांभाळता येते का, पाठ दुखते का. सासूबाईंनी स्वतःच्या असेसमेंटला नकार दिला होता, तरी माझं झालं. मला हे उशिरा कळलं, म्हणून आज तुमच्यापुढे उभी आहे.

सासूबाईंना आम्ही आईच म्हणतो. त्या १९७४ साली इथे आल्या आणि पंचवीस वर्षं पोस्टाच्या काउंटरवर बसल्या. त्यांचं इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं होतं. आधी तेच गेलं. टीव्ही बंद करायला लागल्या, फोन आला की माझ्या हातात द्यायला लागल्या. मराठीत मात्र गप्पा रंगायच्या, म्हणून आम्ही निश्चिंत राहिलो. ‘वय झालं’, ‘साठी बुद्धी नाठी’. या म्हणीने आपल्या घरांचं फार नुकसान केलंय. डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, हा मेंदूचा आजार आहे, म्हातारपणाचा स्वभाव नाही.

पहिली तपासणी इंग्रजीत झाली. लक्षात ठेवायला एक इंग्रजी नाव आणि पत्ता दिला होता. दुभाषी नव्हता, मलाच सांगितलं, तुम्ही भाषांतर करा. मी केलं, आणि आईंचं उत्तर अडखळलं की नकळत सावरूनही घेतलं. त्यांची लाज राखली असं मला वाटलं. त्यात आमचे आठ महिने गेले. म्हणून हात जोडून सांगते, घरच्या माणसाने दुभाषी होऊ नये. अपॉइंटमेंट घेतानाच मराठी दुभाषी मागा. एनएचएसमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेत, त्याचे पैसे पडत नाहीत.

स्मरणशक्ती तपासणाऱ्या मेमरी क्लिनिकमध्ये दुसऱ्या वेळी रुडास नावाची चाचणी घेतली. ऑस्ट्रेलियात वेगवेगळ्या भाषांच्या लोकांसाठी ती तयार झाली, २००४ साली प्रसिद्ध झाली. त्यात दुकानातून आणायच्या चार वस्तू लक्षात ठेवायच्या असतात : चहा, तेल, अंडी, साबण. आईंना चहा आठवला, पुढचं काही नाही. निदान झालं. त्या रात्री मी रडले, पण आठवड्याभरात एक एक दार उघडायला लागलं.

पैशाचं सांगते, कारण ते विचारायला आपण लाजतो. पेन्शनच्या वयापुढच्या ज्या माणसाला आजारपणामुळे मदत लागते, त्याला अटेंडन्स अलाउन्स हा सरकारी भत्ता मिळतो. २०२५-२६ मध्ये तो आठवड्याला ७३.९० किंवा ११०.४० पौंड होता. त्याला उत्पन्नाची अट नाही. फॉर्ममध्ये मी आधी लिहिलं, ‘आंघोळ स्वतः करतात’. खरं तर मी दारात उभी राहून ‘आता साबण लावा, आता पाणी घ्या’ सांगत होते. तशी आठवण करून देणं हीसुद्धा मदतच धरली जाते. घरची अब्रू झाकायची ती जागा नव्हे, वाईट दिवस जसा असतो तसा लिहा. ज्यांचे आईवडील अलीकडे व्हिसावर आले आहेत आणि त्यावर सरकारी भत्ते न घेण्याची अट आहे, त्यांनी मात्र अर्जाआधी सिटिझन्स ॲडव्हाइस या सल्ला देणाऱ्या संस्थेत विचारून घ्यावं. घरावरच्या कौन्सिल टॅक्समध्येही सूट मिळू शकते, त्यासाठी डॉक्टरांचा दाखला लागतो. आपल्या वतीने निर्णय घ्यायचा अधिकार घरच्यांना देणाऱ्या लास्टिंग पॉवर ऑफ अॅटर्नीवर सही मात्र माणसाला समजतंय तोवरच होते. पुण्यातल्या फ्लॅटचं काय, ते तिथल्या वकिलाला वेगळं विचारा.

मला सगळ्यात जास्त आधार मिळाला तो ॲडमिरल नर्सचा. या नर्सेस डिमेन्शियाच्या पेशंटबरोबर त्याच्या घरच्यांसाठीही असतात. जोसेफ लेव्ही नावाच्या गृहस्थांना हा आजार झाला होता. समुद्रात बोट चालवण्याची हौस, म्हणून सगळे त्यांना ‘ॲडमिरल जो’ म्हणत. त्यांच्या कुटुंबाने हे काम उभं केलं. ते काम चालवणाऱ्या डिमेन्शिया यूके संस्थेच्या हेल्पलाइनवर फोन केला तेव्हा पहिला प्रश्न होता, तुम्ही कशा आहात? दोन वर्षांत मला तो कुणीच विचारला नव्हता.

एकदा आई सपाता घालून घराबाहेर पडल्या. गिरगावात जायचं होतं. बसस्टॉपवर सापडल्या. त्यानंतर आम्ही हर्बर्ट प्रोटोकॉलचा फॉर्म भरला : फोटो, औषधं, जुने पत्ते, जायच्या सवयीच्या जागा. माणूस हरवलं तर पोलिसांना हे सगळं लगेच हाताशी मिळतं. ज्यांच्यावरून हे नाव पडलं ते जॉर्ज हर्बर्ट दुसऱ्या महायुद्धात नॉर्मंडीच्या लढाईत उतरलेले सैनिक. म्हातारपणी लहानपणचं घर शोधायला निघाले आणि त्यातच वारले. आमचं गिरगाव काय, त्यांचं ते घर काय.

गोव्यात ज्यांचे आईवडील आहेत त्यांच्यासाठी एक सांगते. तिथे संगाथ संस्थेने गावातल्याच साध्या कार्यकर्त्यांना शिकवून डिमेन्शियाचे पेशंट असलेल्या घरी पाठवलं. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सांभाळणाऱ्यांचा मानसिक ताण कमी झालेला दिसला. डॉक्टर नव्हेत, गावची माणसं. घरी यायची, ऐकून घ्यायची, थोडं शिकवून जायची.

ते आपल्याला इथेही जमेल. कौन्सिल माझ्यासाठी आठवड्यातले तीन तास माणूस पाठवते. मुलगी फार गोड आहे, पण आईंना तिचं बोलणं कळत नाही. मराठीत दोन तास बसणारं कुणी सरकार देऊ शकत नाही, मंडळ देऊ शकतं. दाराशी एक वही ठेवली आहे. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी बसू शकत असाल तर नाव लिहा. आणि घरी कुणाला सांभाळत असाल तर तेही लिहा. सून, मुलगा, नवरा, कुणीही असा.

आई आज आल्या आहेत, बाहेर चहाच्या टेबलापाशी बसल्यात. जाताना थांबा त्यांच्यापाशी. त्या तुम्हाला तुमचं गाव कुठलं विचारतील. थोड्या वेळाने परत विचारतील. परत सांगा.