पोतं पेरायच्या आधी शंभर दाणे मोजा
(पलूस तालुक्यातल्या एका गावात खरिपाच्या तोंडावर झालेलं व्याख्यान, थोडं नीट करून)

मंडळी, मागं उभं राहिलेल्यांनी पुढं या, सतरंजी रिकामी आहे. मला ४० मिनिटं दिलीत आणि सात वाजता इथंच हरिपाठ आहे, त्यामुळं वेळेत आटपा असं सरपंचांनी आधीच सांगून ठेवलंय. फळ्यावर विषय लिहिलाय, सोयाबीन उगवलं नाही तर काय करायचं. ते मी सांगणारच आहे. पण त्याच्या आधी माझं एक म्हणणं आहे ते ऐकून घ्या. उगवलं नाही हे आपल्याला कळतं जूनमध्ये, आणि बी मेलेलं असतं त्याच्या कितीतरी आधी, कुणाचं ऑक्टोबरात खळ्यावर, कुणाचं उन्हाळ्यात गोडाऊनमध्ये, कुणाचं दुकानाच्या दारात गाडी खाली करताना. आणि ते जिवंत आहे का मेलंय हे बघायला लॅब लागत नाही, १०० दाणे आणि एक ओलं बारदान बास होतं.

हे दाणे पुढं पाठवतो, हातात घेऊन बघा. काळसर डोळा दिसतो ना, त्याच्या शेजारी सालीखाली एक बाकदार उंचवटा आहे. तो कोंब. मूळ तिथनंच निघणार, आणि त्याच्यावर झाकण काय, तर ही पातळ साल, नखानं सुटते एवढी पातळ. गहू-ज्वारीचं बी मार सोसतं, ह्याचा जीव अगदी बाहेरच्या अंगाला आहे. वर आणि ह्यात तेल आहे, साधारण १८ ते २० टक्के, आणि तेलाचं बी उष्ण-दमट हवेत लवकर खवट होतं, जोर जातो त्याचा. म्हणून तर सरकारी निकषात सोयाबीनच्या प्रमाणित बियाला उगवण किमान ७० टक्के धरलीय आणि मक्याच्या संकरित बियाला ९०. म्हणजे चांगलं म्हणून जे पोतं आपण आणतो त्यातसुद्धा १०० मधले ३० दाणे न उगवले तरी ते कायद्यानं पास आहे. हे किती जणांना माहीत होतं? हात वर करा... बघा, चार-पाच हात. तात्या, तुम्ही दोन्ही हात वर केले तरी एकच धरणार.

आता मला जे सांगायचंय ते जरा सविस्तर सांगतो कारण दरवर्षी तेच बघतोय आणि दरवर्षी पोटात कालवतं. मे महिन्यात एका दुकानापुढं ट्रक आला, बियाचा. वरनं हमालानं पोतं उचललं आणि सोडलं खाली, खाली काय तर सिमेंटचा कोबा. धप्प. दुसरं त्याच्यावर, धप्प. अंड्याचा ट्रे कुणी असा टाकेल का? मी म्हटलं अरे बाबा हे बियाणं आहे, खताचं पोतं नव्हं. तो म्हणाला काका, पोत्यामागं पैसे मिळतात, गाडीला पुढं दोन गावं करायचीत. त्याचं काय चुकलं सांगा? त्याला कुणी सांगितलंच नाही. चुकलं त्या दुकानदाराचं, जो आत पंख्याखाली बसून बघत होता. आत गेलो तर थप्पी छताला टेकलेली, खालच्या पोत्यांवर सगळ्याचा भार, आणि वर पत्रा, मे महिन्यातला पत्रा. मी म्हटलं शेठ, पाच-सहा पोत्यांच्या वर थर लावू नका, खाली लाकडी फळ्या टाका, भिंतीपासनं सुटं ठेवा. तर म्हणतो, आम्हाला शिकवू नका, कंपनीचं सीलबंद आहे. सील पोत्याच्या तोंडाला असतं हो, आतल्या दाण्याला त्याचा काय उपयोग!

बरं, पुढं काय झालं. त्याच्याकडनं बी नेलेल्या एका शेतकऱ्याचं निम्मं रान मोकळं राहिलं. दुकानदार म्हणाला तुम्ही खोल पेरलं. शेतकरी म्हणाला बी बोगस. पंचनाम्याला माणसं आली, पिशवी कुठाय विचारलं तर पिशवी चुलीत गेलेली, टॅग, म्हणजे पिशवीला लावलेली माहितीची चिठ्ठी, पिशवीबरोबर गेला, पावती घेतलीच नव्हती कारण बिल घेतलं असतं तर दर वाढला असता. झालं, संपली तक्रार. दोन-अडीच एकराचं बियाणं, पेरणी, ट्रॅक्टरभाडं, आणि सगळ्यात महागडी गोष्ट म्हणजे मृगाचा वापसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, जी परत मिळत नाही. तो माणूस बांधावर बसून होता, बोलत नव्हता. त्याला १०० दाणे मोजायला कुणी सांगितलं असतं, तर पेरणीच्या आठवडाभर आधी घरातच कळलं असतं की हे पोतं परत करायचंय.

दुकानदारालाच सगळा दोष द्यायचा नाही, आपल्या खळ्यावर पण हेच चालतं. मळणी यंत्रवाला घाईत असतो, फेरे वाढवतो, दाणा फुटतो तो दिसतो पण जो आतनं तडकतो तो दिसत नाही. बियासाठी मळायचं असेल तर दाण्यात १३-१४ टक्के ओल असताना, फेरे मिनिटाला ४०० च्या आसपास ठेवून, यंत्रवाल्याच्या शेजारी उभं राहून मळा, दोन पैसे जास्त द्या त्याला. मग उन्हात पातळ पसरून ओल १२ टक्क्यांच्या आत आणायची आणि मगच पोती भरायची. आणि काढणीत पाऊस लागलेला माल बियाला ठेवूच नका. २०१९ आठवतंय ना? ऑगस्टात कृष्णेला महापूर, आणि ऑक्टोबरात राज्यभर परतीच्या पावसानं उभं सोयाबीन भिजवलं, शेंगेतच मोड आले. त्याचा परिणाम २०२० च्या खरिपात दिसला, मराठवाडा-विदर्भात उगवण न झाल्याच्या इतक्या तक्रारी झाल्या की उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. म्हणजे जूनच्या तक्रारीचं मूळ आदल्या दिवाळीत होतं, माझं म्हणणं तेच आहे.

आणि एक सांगू का, आपण तर ह्या बाबतीत नशीबवान. कसबे डिग्रज इथनं किती लांब? राहुरी विद्यापीठाचं संशोधन केंद्र आहे तिथं, फुले संगम, फुले किमया, फुले दुर्वा ही वाणं तिथलीच, फुले संगमचा नंबर केडीएस ७२६, त्यातला केडीएस म्हणजे आपलं कसबे डिग्रज. अख्ख्या महाराष्ट्रात लोक नाव घेतात आणि आपल्यातली कितीतरी पोरं त्या फाट्यावरनं जातात पण आत वळत नाहीत. वळा. सोयाबीन स्वपरागी पीक आहे, स्वतःच्याच परागावर दाणा धरतं, एकदा चांगलं प्रमाणित बी आणलं तर त्याचंच पुढं दोन-तीन वर्षं घरचं बी करता येतं, दरसाल दुकानात रांग लावायची गरज नाही. ज्वारीची कणसं निवडून राखेत बी राखणाऱ्या बायका ह्याच गावात होत्या, आक्का मान हलवतायत बघा, त्यांना विचारा.

तर बारदानाची रीत. पोत्याच्या वरनं, मधनं, तळातनं थोडं थोडं बी घ्या, एकत्र करा आणि न निवडता सरसकट १०० दाणे मोजा. न निवडता हं! चांगले चांगले दाणे वेचून परीक्षा घेतली तर ती पोत्याची होत नाही. बारदानाचा तुकडा धुऊन भिजवा, पिळून काढा, त्यावर दहा-दहाच्या दहा ओळी, वरनं दुसरा ओला तुकडा, गुंडाळी करून सावलीत ठेवा. रोज पाणी शिंपडा, ओल हवी, डबकं नको. सहा-सात दिवसांनी उघडा आणि नीट मोजा. मूळही चांगलं, कोंबही चांगला तेवढेच धरायचे. नुसतं फुगलेलं, बुरशी आलेलं, मूळ तुटकं, ते धरायचं नाही, तिथं मन घट्ट करा. ७० आले तर एकरी ३० किलो. ६५ आले तर ३२ च्या वर, ६० आले तर ३५ किलो. ६० च्या खाली आले तर ते बी पेरू नका, दुकानचं असेल तर पावती घेऊन परत जा, घरचं असेल तर बाजार दाखवा.

सरपंच घड्याळ दाखवतायत... व्हय व्हय, दहाच मिनिटं. फळ्यावरचा विषय राहिलाच की.

भराभर सांगतो, लिहून घ्या. पेरून सात-आठ दिवस झाले, तास, म्हणजे पेरलेल्या ओळी, दिसत नाहीत, तर पहिल्यांदा फोन करू नका, खुरपं घ्या. तीन-चार ठिकाणी मीटरभर तास उकरा आणि बी कुठल्या अवस्थेत आहे ते बघा. बी जसंच्या तसं कोरडं सापडलं तर ओल कमी पडलीय, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस व्हायच्या आधीच पेरलंय, बी चांगलं असेल तर तुषारनं हलकं पाणी द्या. फुगलेलं, बुळबुळीत, वास मारणारं सापडलं तर बी मेलेलं होतं किंवा रानात पाणी साठलं, आणि ह्यातलं नेमकं कुठलं हे बारदानातला आकडा सांगतो, आकडा चांगला होता तर दोष पाण्याच्या निचऱ्याचा. मान वाकलेली, डाळिंब्या, म्हणजे दाण्याच्या दोन फाका, मातीखाली अडकलेल्या दिसल्या तर वर पापुद्रा धरलाय, सोयाबीन दोन्ही डाळिंब्या डोक्यावर घेऊन वर येतं, काळ्या रानात जोराचा पाऊस होऊन ऊन पडलं की त्याची मान मोडते, त्यावर हलकं पाणी फिरवायचं, पापुद्रा मऊ होतो. खोलीसुद्धा तिथंच मोजा, ३ ते ४ सेंटिमीटर पाहिजे, ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्रात बी बऱ्याचदा त्याच्याही खाली जातं आणि बांधावर उभं राहून ते कळत नाही. डाळिंब्या वर आल्या पण मधला शेंडाच नाही, तर बी मळणीत मार खाल्लेलं. रोप कुरतडलेलं असेल तर रात्री बॅटरी घेऊन जा, वाणी, म्हणजे ते बहुपायी किडे, सापडतील. आणि उगवलं छान पण पानं कडेनं पिवळी पडून रोप जळायला लागलं, तर आधीच्या उसात किंवा मक्यात अॅट्राझिन हे तणनाशक मारलं होतं का ते आठवा, आपल्या भागात हे कारण फार वेळा निघतं आणि शिव्या मात्र बियाला बसतात.

बीजप्रक्रियेचा क्रम, आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, शेवटी रायझोबियम हे जिवाणू खत, १० किलोला २५० ग्रॅम, सावलीत सुकवून लगेच पेरा. चोळताना दाबायचं नाही, साल सुटते. कोण म्हणालं रात्रभर भिजत घालतो? दादा, हरभऱ्याला चालतं ते सोयाबीनला नाही. कोरडं बी एकदम पाण्यात गेलं की झपाट्यानं पाणी ओढतं आणि आतल्या पेशी फाटतात, ते गळून जातं. परीक्षेलासुद्धा ओलं बारदान सांगितलं, वाटीतलं पाणी सांगितलं नाही, ते ह्याच्याचसाठी.

दुबार पेरणीची घाई नको. मीटरला वीसेक रोपं असावीत, पण १२-१३ आणि सारखी पसरलेली असतील तर सोयाबीन फांद्या करून जागा भरतं, फक्त मोठे मोकळे पट्टे लगेच टोकून घ्या. त्याच्याही खाली गेलं तरच मोडा.

आणि तक्रार करायची असेल तर पावती, टॅग, पिशवी आणि ओंजळभर बी, चारही गोष्टी पीक घरी येईपर्यंत जपा. प्रमाणित बियाचा टॅग निळा असतो, त्यावर लॉट नंबर आणि चाचणीची तारीख असते, तिथनं ९ महिन्यांची मुदत असते, दुकानातच वाचा. तालुका कृषी अधिकाऱ्याकडं अर्ज लेखी द्या, पोच घ्या, पंचनामा होईपर्यंत रान मोडू नका. सगळं बी पेरून टाकलं, नमुना नाही, म्हणून केस होत नाही असं कुणी म्हणालं तर ऐकू नका, सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये राष्ट्रीय बीज निगमच्या खटल्यात सांगितलंय की शेतकरी ग्राहक आहे आणि त्यानं नमुना राखून ठेवावा अशी अपेक्षा धरता येणार नाही. तरी ओंजळभर ठेवाच, वाद लवकर मिटतो.

टाळ आले वाटतं. बारदानाचे तुकडे दाराशी ठेवलेत, धुतलेले आहेत, जाताना एकेक न्या आणि आज रात्रीच दाणे मोजून घाला, म्हणजे पुढच्या गुरुवारच्या बाजाराआधी आकडा हातात येईल.