आधी रेडिओ, मग विमान

रिमोटच्या विमानाची हौस लागलेला माणूस बहुधा आधी विमान पसंत करतो आणि खोक्यातून जो ट्रान्समीटर, म्हणजे हातात धरून विमान चालवायचा रेडिओ, निघेल तो गोड मानून घेतो. माझ्या मते हा क्रम उलटा हवा. पहिले विमान आपटते, चिकटवले जाते, पुन्हा आपटते आणि एक दिवस माळ्यावर जाते. चांगला रेडिओ मात्र पुढच्या अनेक विमानांना पुरतो. त्यामुळे पैशाची ओढाताण असेल, तर काटकसर विमानात करावी.

पूर्वी ३५ किंवा ७२ मेगाहर्ट्झवर उडवताना दोघांची फ्रीक्वेन्सी एकच निघाली, तर विमान कोसळणे जवळपास ठरलेलेच असे. २.४ गिगाहर्ट्झच्या संचात विमानातला रिसीव्हर आपल्याच ट्रान्समीटरशी ‘बाइंड’ केलेला, म्हणजे त्याच्याशीच जोडी जुळवलेला असल्यामुळे ती धास्ती उरली नाही. आता अडचण निराळी आहे: फ्लायस्काय कंपनीचा रिसीव्हर फुताबा कंपनीच्या रेडिओला ओळखत नाही, म्हणून ट्रान्समीटर घेण्याआधी त्याचे रिसीव्हर सहज आणि परवडतील अशा किमतीत मिळतात का, हे पाहावे. अनेक प्रोटोकॉल, म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांच्या संदेशांच्या भाषा, बोलणारा मल्टिप्रोटोकॉल रेडिओ हा त्यावरचा उपाय आहे, पण त्याच्या सेटिंग्जमध्ये नवशिक्या गोंधळतो.

एलरॉन (पंखांवरच्या झडपा), एलिव्हेटर (शेपटीची आडवी झडप), थ्रॉटल (मोटरचा वेग) आणि रडर (शेपटीची उभी झडप) यांना चार चॅनेल, म्हणजे चार स्वतंत्र आदेशांचे मार्ग, पुरतात, तरी सहा घ्यावेत. मोड दोनमध्ये थ्रॉटल डाव्या स्टिकवर असतो, मोड एकमध्ये उजव्या; यांत श्रेष्ठ-कनिष्ठ काही नाही, तुम्हाला शिकवणारा ज्या मोडवर उडवतो तोच घ्यावा. रेडिओ संगणकाला जोडून सिम्युलेटरवर सराव करता येणे मला दिसायला देखण्या पडद्यापेक्षा मोलाचे वाटते. विमान समोरून आपल्याकडे येत असताना डावे-उजवे उलटे भासते, आणि तो घोटाळा घरात बसून निस्तरलेला बरा.

विमानाबाबत बहुतेकांचे मन स्पिटफायरसारख्या जुन्या लढाऊ विमानाच्या प्रतिकृतीवर जडलेले असते. ते समजण्यासारखे आहे, पण खाली पंख असलेली अशी वेगवान विमाने वेग कमी होताच एका पंखावर कलंडतात आणि सावरायला उंची उरत नाही. पंख धडाच्या वर आणि टोकांकडे किंचित उचललेले असले की स्टिक सोडल्यावर विमान बरेचसे आपणहून सरळ होते, आणि नवशिक्याला हवा असतो तो हाच अवधी. पंखांचा विस्तार सव्वा ते दीड मीटर असावा. तळहाताएवढी विमाने स्वस्त असली तरी वाऱ्यात भरकटतात. बांधणी ईपीओ या चिवट फोमची असावी, म्हणजे तुटलेले नाक फोमला चालणाऱ्या गोंदाने मैदानावरच जोडता येते. पंखामागे प्रोपेलर असलेले ईझीस्टारसारखे विमान आणखी सोयीचे, कारण नाकावर आपटले तरी प्रोपेलर सहसा वाचतो. तोल सांभाळणारा जायरो असेल तर तो स्विचने बंद करता यायला हवा.

पहिल्या उड्डाणाआधी प्रोपेलर काढून, विमान जमिनीवरच ठेवून, मोटर हलकेच चालू करावी आणि ट्रान्समीटर बंद करावा. मोटर थांबली नाही, तर फेलसेफ (सिग्नल तुटताच मोटर थांबवणारी सोय) नीट लावल्याशिवाय ते विमान उडवू नये.